मदत हवी आहे: ताईला मारत नाहीत, पण श्वासही घेऊ देत नाहीत

धाकटी_बहीण: प्लीज लवकर सांगा. ताईचा पगार आला की भावोजी लगेच स्वतःच्या खात्यात वळवतात. भाजीला गेली तरी लोकेशन पाठवायचं. परवा फोनवर मध्येच म्हणाली, "हो, पोळ्या झाल्या माझ्या." मी पोळ्यांचं काही विचारलंच नव्हतं! आई म्हणते, हात तर उगारत नाहीत ना. तक्रार होते का?

रानजाई: कुठे असते? मूलबाळ? तिला काय हवंय?

धाकटी_बहीण: नाशिक. मुलगी आहे, लहान. तिला काय हवंय ते बोलायलाच मिळत नाही हो!

अण्णा६२: चार वडीलधारी घेऊन बैठक लावा. आमच्या पुतणीचं तसंच मिटलं.

रानजाई: अण्णा, बैठकीनंतर तिला त्याच घरात जायचंय. त्याच्यासमोर काय बोलणार ती?

अण्णा६२: लगेच कोर्टकचेरी नको, एवढंच. आम्हीही पगार वडिलांच्या हातात द्यायचो.

रानजाई: तुम्ही आपणहून द्यायचात. हिच्याकडे रिक्षापुरते तरी पैसे असतात का, विचारा.

काळाकोट: मारहाण व्हायलाच हवी असं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, कलम 3 मध्ये, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. कलम 4 नुसार तुम्हीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना, कळवू शकता. पण आधी तिला विचारा, तिच्या नकळत नको. कलम 17 मुळे सासरच्या घरात राहायचा तिचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

लंडनवासी: इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्याने जोडीदाराला असं सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

अण्णा६२: नाशिकच्या मुलीला त्याचा काय उपयोग?

लंडनवासी: निदान आईला दाखवा, की हे संसारातलं चालायचंच नव्हे.

टेकसॅव्ही: लोकेशन बंद करणं सोपंय. सेटिंगमध्ये जाऊन

रानजाई: नको! अचानक बंद झालं की त्याला कळणार, आणि भोगायचं तिनेच. हा धागाही तिच्या फोनवर पाठवू नका. ऑफिसात फोन आहे का?

धाकटी_बहीण: आहे, लँडलाइन. उद्या जेवणाच्या सुट्टीत करते.

काळाकोट: महिला हेल्पलाइनचा 181 नंबर तोंडपाठ करायला सांगा, सेव्ह नको. जिवाला धोका वाटला तर 112. आधार, पासबुक, मुलीचा जन्मदाखला कोणाकडे आहेत?

धाकटी_बहीण: बहुतेक सासूबाईंच्या कपाटात. विचारून सांगते.