डेटा मिळाला म्हणजे झालं असं नाही

कंपनीत जाऊन गोदाम-वाहतुकीवर कॉलेजचा प्रोजेक्ट करताना कंपनी डेटा देत नाही म्हणून तो रखडतो असं बरेच जण म्हणतात, ते खरंच आहे, पण मिळाल्यावरची गंमत वेगळीच असते. एकाच मालाचे तीन कोड, कुठे बॉक्समध्ये मोजलंय कुठे नगावर, तारखा उलटसुलट, आणि हे सगळं साफ करण्यातच अर्धं सेमिस्टर जातं आणि मार्क मात्र त्या डेटावर बसवलेल्या गणिती मॉडेलला!

माझं म्हणणं, आधी दोन दिवस गोदामात जाऊन नुसतं उभं राहा. आमच्या टीमने डॉकवर (जिथे माल उतरवतात तिथे) घड्याळ लावून गाड्या मोजल्या. तासाला 6 गाड्या येतायत आणि सिस्टीमच्या रेकॉर्डप्रमाणे प्रत्येक सरासरी अर्धा तास थांबतेय, म्हणजे आवारात सरासरी 3 गाड्या हव्यात (हा लिटलचा नियम: येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ म्हणजे आत असलेल्यांची सरासरी संख्या; 1961 मध्ये सिद्ध झालेला, गुणाकाराइतका सोपा). आम्हाला दिसत होत्या सातआठ. मग कळलं की सिस्टीममध्ये एन्ट्री गेटवर नाही तर माल उतरवायला लागल्यावर होते, त्यामुळे बाहेरचं थांबणं रेकॉर्डमध्येच नाही. हे एक्सेलमध्ये बघून जन्मात कळलं नसतं.

आणि हो, स्कोप, म्हणजे प्रोजेक्टमध्ये नक्की काय काय करायचं ते, लेखी घ्या बाबांनो, कारण मधेच मॅनेजर बदलला की नवीन साहेब म्हणतो मला इन्व्हेंटरीचं (मालसाठ्याचं) पण हवंय, रूटिंगचं (गाड्यांच्या मार्गांचं) पण बघा. गुप्ततेचा करार सही करायच्या आधी गाईडला दाखवा, नाहीतर रिपोर्ट कॉलेजात सबमिटच करता येत नाही अशी पंचाईत होते.