काळा बोळ कोरफडीचाच

काळा बोळ हा कोण्या झाडाचा डिंक असावा, असे काहींना वाटते. हा गैरसमज बहुधा हिराबोळाशी असलेल्या नामसाम्यामुळे झाला असावा. हिराबोळ खरोखरच डिंक आहे, काळा बोळ मात्र कोरफडीचा आटवून वाळवलेला चीक. पान कापून तिरपे धरले, की सालीलगतचा पिवळा, कडूजहर चीक आधी ओघळतो आणि तोच रेचक असतो. भाजल्यावर लावतात तो आतला पारदर्शक गर वेगळा. तो पोटात घ्यायचा असल्यास चीक पुरता निथळू द्यावा, ही घाईत हमखास राहणारी पायरी. कोरफड उपटून ठेवली तरी दीर्घकाळ टवटवीत राहते म्हणून संस्कृतात ती ‘कुमारी’, असे सांगतात. कुमारी आसव या आयुर्वेदिक औषधाचे नाव त्यावरूनच. तिच्या ‘ॲलो व्हेरा’ या शास्त्रीय नावातले ‘व्हेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘खरी’.