आईची पहिली केमो: सिस्टरना फोन केला तर चालतो का?

प्रश्न: सोमवारी आईची पहिली केमो. डॉक्टरांना निम्मं विचारायचंच राहिलं. सिस्टरना फोन करावा का?

उत्तर: करायचाच! माझं डॉक्सोरुबिसिन, म्हणजे केमोचं लाल औषध, सिस्टर शेजारी बसून शिरेत हळूहळू सोडायच्या. "जरा जरी चुरचुरलं तरी सांगा हं ताई." ते शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. लघवी लाल होईल, हेही त्यांनीच आधी सांगितलेलं, नाहीतर मी रात्री घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसरं उत्तर: थर्मामीटर आणा. ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन वाट बघू नका, लगेच वॉर्डला फोन. मध्यरात्रसुद्धा.

प्रश्नकर्ती: तिची शीर सापडतच नाही हो.

उत्तर: भरपूर पाणी पाजून न्या. आमच्या सिस्टर आधी हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या. पोर्टचंही विचारून घ्या, म्हणजे औषध द्यायला छातीजवळ कातडीखाली बसवतात ती छोटी डबी.