पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन – तळ दिसला नाही की माझे हातपाय गळतात

हरिपूर_रोड:
वय ४२, सांगली, पतसंस्थेत नोकरी. डिसेंबरात कोल्हापूरच्या एका स्प्रिंटला नाव घालून बसलेय. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. पैसे भरताना जोर होता, आता रात्री अडीचला जाग येते.

सायकलचं काही वाटत नाही. दर रविवारी दंडोबाच्या डोंगरावर जाऊन येते (हायब्रीड, कॅरिअर काढून टाकलंय). पळणं रडतखडत ३९ मिनिटांत उरकतं. घोडं अडतंय ते पाण्यात. टँकमध्ये २५ मीटरच्या ३० फेऱ्या २६ मिनिटांत होतात. पण गेल्या आठवड्यात दिरांच्या शेततळ्यात उतरले. हिरवंगार पाणी, स्वतःचं कोपर दिसेना. वीसेक हात मारले आणि श्वासच पुरेना. कडेला आले तर प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतोय, शेवटी दिरांनी दोर टाकून ओढलं. जाऊबाई अजून बोलत नाहीत.

कृष्णेत सराव कर असं कुणी सांगू नका. तिथल्या मगरी आम्हाला वर्तमानपत्रातून रोज भेटतात.

ही भीती जाते का? शेवटपर्यंत फ्रीस्टाइलच मारावी लागते का? आणि या सायकलवर भागेल?

गिअरवाला:
हायब्रीडवर जीव काढण्यापेक्षा जुनी रोडबाइक बघा. २० किलोमीटरला चारपाच मिनिटं सहज वाचतील. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूटही आत्ताच घ्या, सवय व्हायला वेळ लागतो.

डबा_बांधून:
ताई, आधी शेततळ्याचं. परत पाऊल टाकू नका. त्या कागदावरून पट्टीचे पोहणारेसुद्धा वर येऊ शकत नाहीत. दोर होता म्हणून आज तुम्ही प्रश्न विचारताय.

सायकल आहे तीच ठेवा. चाकात हवा, चेनला तेल, ब्रेक तपासून घ्या, बास. गिअरवाल्या भावांचा हिशोब बरोबर आहे, पण तुमची चार मिनिटं सायकलवर जात नाहीत, पाण्यात जाणार आहेत.

माझी पहिली स्प्रिंट कोल्हापूरच्या राजाराम तलावात झाली. तेव्हा वय ४६, वजन ८८. लहानपणी विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलेलो, त्यामुळं पाण्याची भीती नाही असा माज. भोंगा वाजला आणि सगळी एकदम पाण्यात. मिनिटभरात कुणाची तरी टाच डोळ्यावर बसली, गॉगलच्या डाव्या काचेत पाणी. मी मान वर काढून सपासप हात मारायला लागलो. छाती गच्च. मागं वळून बघतोय तर काठ लांब, पुढचा खुणेचा नारिंगी फुगा त्याहून लांब. कडेला कयाक होती, जाऊन तिलाच लोंबकळलो. म्हटलं, झालं, आपण बाद. त्यावरचं पोरगं म्हणतंय, ‘काका, निवांत धरा. फक्त हिला धरून पुढं सरकू नका.’

नियम तोच आहे. बोट धरून दम खाल्ला तर चालतं, तिच्या आधारानं पुढं गेलं तर बाद. आणि हात कुठलाही मारा, बेडूक मारा, उताणं पोहा, कुणी विचारत नाही. मी शंभर आकडे मोजले, गॉगल झटकला आणि बेडूक मारत बाहेर आलो. २९ मिनिटं.

आता तुमच्या टँकचं. ३० फेऱ्यांत २९ वेळा भिंत मिळते. प्रत्येक वेळी पाय टेकून ढकलताय, नकळत जादा श्वास घेताय. तलावात भिंत नाही. घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो, सोडायचं विसरतो, आणि त्याला वाटतं हवा कमी पडतेय. म्हणून फ्रीस्टाइल सुधारायच्या नादाला आता लागू नका. थांबायला शिका. मधेच उताणं व्हायचं, हात पसरायचे, तोंडानं फू करत वीस मोजायचं, मग दहा हात बेडूक, मग परत फ्रीस्टाइल. टँकमध्ये भिंतीच्या एक मीटर अलीकडूनच वळायचं, हात लावायचा नाही. सहा हात डोळे मिटून मारून बघा, कुठल्या कुठं वाकडं जातंय कळेल. तलावात सहासात हातांनी एकदा डोळे पाण्यावर काढायचे, मगरीसारखे. तुम्हाला सांगायला नको.

राजाराम तलावावर सकाळी पोहणारे असतात, त्यांच्यासोबत उतरा, कमरेला नारिंगी फुगा बांधून. एकटं कधीच नाही. सुरुवातीला मागच्या कोपऱ्यात उभं राहा, अर्धा मिनिट उशिरा निघा. वेटसूटचा (गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख) खर्च करू नका, पाणी २२ अंशांच्या वर असलं की आंतरराष्ट्रीय नियमात हौशी लोकांना या अंतराला तो चालत नाही, आणि आपलं पाणी तेवढं गार कुठं असतंय. चाळिशी ओलांडलीय, एकदा ईसीजी काढून घ्या. मी काढला नव्हता, ते चुकीचंच होतं.

सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावायचा हे मी नीट पाठ केलं होतं. काढायचं कुणी सांगितलं नव्हतं. ५ किलोमीटरमधला पहिला एक हेल्मेट घालून पळालो. लोक हात हलवत होते, मी उलट हात हलवत होतो.

सई_पुणे:
😂 ‘काढायचं कुणी सांगितलं नव्हतं’!

ताई, कपड्यांचं सांगते, हे पुरुष सांगणार नाहीत. बदलायला आडोसा नसतो, आणि ओल्या अंगावर टी-शर्ट चढतच नाही, गुंडाळी होऊन काखेत अडकतो. मी पहिल्या वेळी तीन मिनिटं त्याच्याशी कुस्ती खेळले. जे पोहताना घालाल त्यातच शेवटपर्यंत राहा. ट्रायसूट (तिन्हीला चालणारा एकच अंगाबरोबरचा पोशाख) नसला तर स्पोर्ट्स ब्रा, अंगाबरोबर बसणारा बिनबाह्यांचा टॉप आणि पातळ पॅडची चड्डी. सायकलची जाड चड्डी नको, डायपरसारखी फुगते. नंबर इलास्टिकच्या पट्ट्यावर लावा, सायकलवर मागे, पळताना पुढे फिरवायचा. आणि सायकल संपली की दहा मिनिटं तरी पळायचा सराव आत्तापासून करा, पाय स्वतःचे वाटत नाहीत.

हरिपूर_रोड:
सगळ्यांचे आभार. ईसीजी झाला, नॉर्मल. काल पहाटे राजाराम तलावावर गेले होते, नवरा काठावर थर्मास घेऊन. चाळीसेक हात मारले आणि तेच पुन्हा, छाती गच्च. उताणी झाले. पहिल्यांदा बारापर्यंतच मोजता आलं. दुसऱ्यांदा वीस. वर एक पाणकावळा गेला तो नीट दिसला. तिथले एक आजोबा माझ्या बाजूनं बेडूक मारत गेले आणि विचारलं, ‘झोपलाय का?’

एकूण किती पोहले माहीत नाही, मोजलं नाही. पुढच्या रविवारी परत जातेय.

एक राहिलं. ओल्या पायात मोजे घालायचे की तसेच बूट?

डबा_बांधून:
मोजे घाला. आत टाल्कम पावडर मारून ठेवा आणि अर्धे उलटे गुंडाळून बुटात ठेवा. मी तसाच पळालो होतो, दोन्ही टाचा सोलल्या, आठवडाभर ऑफिसला चपला.