प्रतिसाद : पैसे दिले तरी गळती थांबेलच असं नाही

"लोक रेशनचा तांदूळ विकतात, त्यापेक्षा खात्यात पैसे टाका" हे वरचं म्हणणं अर्धंच पटतं. विक्री होते, नाकारत नाही. पण मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये सुरू झाले. 40 रुपये किलोनं त्यात चार किलोही तांदूळ येत नव्हता!

खरी गळती काट्यावर होते. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला (सगळ्यात गरीब कुटुंबांचं कार्ड) कार्डामागे 35 किलो, दोन्ही फुकट. म्हणजे प्राधान्य कार्डावर चौघांचे 20 किलो. अंगठा लागला की मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्यायची आणि पावतीवरचं वजन काट्यावर ताडून बघायचं. "पावतीचा रोल संपलाय" म्हटलं की समजून जायचं.

अजून एक. बीडकडून कोल्हापूरला येणाऱ्या ऊसतोड मजुरांना गावचंच कार्ड इथल्या दुकानात चालतं, आधार जोडलेलं हवं. थोडं इथं उचललं तर उरलेलं गावाकडं घरच्यांना मिळतं. कोयत्यानं बोटं झिजून ठसा उमटत नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवायचा. नंबर बंद पडलेला असतो, घोडं तिथंच अडतं.