मदत हवी आहे : रडार नसताना मागून येणारं जेट पुढच्या, पंख्यांच्या एटीआर विमानाच्या खाली कसं उतरवायचं?

इंद्रायणीकाठ
मी हवाई वाहतूक कंट्रोलरचं प्रशिक्षण घेतेय. उद्या सकाळी सिम्युलेटरवर परीक्षा आहे, कृपया लवकर सांगा. रडार नाही, प्रोसिजरल कंट्रोल, म्हणजे वैमानिकांनी रेडिओवर कळवलेल्या वेळा आणि अंतरांवरूनच विमानं वेगळी ठेवायची. पुढे एटीआर, मागे एअरबस, मध्ये पूर्ण १० मिनिटं. एअरबसला खाली यायचं होतं, मी डिसेंट दिला. सरांनी एक्सरसाइज तिथेच थांबवला, "सेपरेशन गेलं" (विमानांमधलं किमान सुरक्षित अंतर राहिलं नाही) म्हणाले आणि पुढच्याला बसवलं. १० मिनिटं नियमातच आहेत ना? मग गेलं कुठे?

पायवाट
लेव्हल कुठली? वेग किती? ट्रॅक एकच की क्रॉसिंग? आणि ही १० मिनिटं मोजलीत कुठे?

इंद्रायणीकाठ
ट्रॅक एकच. दोघंही आमच्याकडेच उतरणार. एटीआर लेव्हल १५० वर (म्हणजे १५,००० फूट), एअरबस २०० वर, मी तिला १२० दिली. वाटेतल्या व्हीओआरवर (दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) एटीआर ०४१० ला (४ वाजून १० मिनिटांनी), एअरबस ०४२० ला.

माळावरचा वारा
१० नाही, १५ मिनिटं लागतात. पाठ करून टाका, विषय संपला.

पायवाट
संपला कसा? १५ हा मूळ आकडा. जमिनीवरच्या साधनांवरून स्थान आणि वेग वारंवार कळत असेल तर १०. पुढचं विमान २० नॉट्सनी (ताशी २० सागरी मैल) वेगवान असेल तर ठरावीक अटींवर ५, ४० नॉट्सनी असेल तर ३. इथे मागचं वेगवान आहे. ताई, वेग अजून सांगितला नाहीत.

खारा वारा
माख नंबर (ध्वनीच्या वेगाच्या पटीत मोजलेला वेग) टेक्निक वापरा. मुंबईच्या ओशनिक भागात, अरबी समुद्रावर, आम्ही वर्षानुवर्षं एचएफ रेडिओवर असेच ट्रॅफिक चालवले. दोघांना माख बांधून द्यायचा आणि १० मिनिटं राखायची. आता सीपीडीएलसी (लेखी संदेश) आणि एडीएस-सी (विमानाने आपोआप स्थान कळवणं) आल्यापासून सज्ज विमानांना ५० मैलही चालतात.

पायवाट
१५० वरच्या एटीआरला माख कसला बांधणार? तो उपाय वरच्या जेट्सचा.

खारा वारा
वेग बांधून देणं हे तत्त्व तेच आहे, एवढंच म्हणणं.

इंद्रायणीकाठ
ग्राउंडस्पीड एटीआर २४०, एअरबस ४२०. व्हीओआर ते आमचं विमानतळ १४० मैल. आमच्याकडे व्हीओआर-डीएमई आहे (डीएमई म्हणजे विमानाला केंद्रापासूनचं अंतर दाखवणारं साधन). कुणीतरी उत्तर द्या ना.

चाकरमानी
रडार नसलं की काय होतं ते १९९६ ला चरखी दादरीला दोन विमानं हवेत आदळली तेव्हा बघितलं. ३४९ माणसं गेली.

निवृत्त टॉवर
तिथे रडार होतं. प्रायमरी होतं, त्यावर उंची दिसत नव्हती. कंट्रोलरने कझाक विमानाला १५० आणि सौदी विमानाला १४० दिली होती, म्हणजे १००० फुटांचं अंतर बरोबर दिलं होतं. कझाक विमान आपली लेव्हल सोडून खाली आलं. त्या कंट्रोलरवर ठपका ठेवू नका.

आता मूळ प्रश्न. स्ट्रिपवर (प्रत्येक विमानाच्या नोंदपट्टीवर) पुढच्या वेळा मांडल्यात का? एटीआर मिनिटाला ४ मैल, म्हणजे ३५ मिनिटांत, ०४४५ ला पोचणार. एअरबस मिनिटाला ७, म्हणजे २० मिनिटांत, ०४४०. दोन्ही स्ट्रिप वर-खाली ठेवल्या की मागचं पुढे निघतंय हे लगेच दिसतं. व्हीओआरवरची १० मिनिटं त्या क्षणापुरती होती. अंतर लागतं ते एअरबस १५० ओलांडेल तेव्हा, आणि तोवर ते घटलेलं असतं. म्हणून सरांनी थांबवलं.

तुमच्याकडे डीएमई आहे ना, मग मैलांत काम करा. ०४२२ ला दोघांनाही एकापाठोपाठ तुमच्या डीएमईचं अंतर विचारा. एटीआर ९२ सांगेल, एअरबस १२६. मध्ये ३४ मैल. एकाने लेव्हल धरून ठेवली असेल तर दुसऱ्याला ती ओलांडायला १० मैल पुरतात. मिनिटाला ३ मैल घटतात, म्हणजे ०४३० पर्यंत वेळ आहे. एअरबसला मिनिटाला २००० फुटांनी २०० वरून १४० ला यायला ३ मिनिटं. क्लिअरन्समध्येच वेळ घाला: ०४२७ पर्यंत १४० किंवा खाली, जमणार नसेल तर १६० वर थांबा. एटीआर १५० वर पक्का. नंतर एअरबसने लेव्हल सोडल्याचं कळवलं की तीच एटीआरला द्या, एकेक करून.

स्वप्नाळू
कंट्रोलर व्हायचं असेल तर एएआयची (भारतीय विमानतळ प्राधिकरण) ज्युनिअर एक्झिक्युटिव्हची परीक्षा असते. बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं किंवा इंजिनिअरिंग. वयाची कमाल मर्यादा २७.

पायवाट
ताई आधीच प्रशिक्षणात आहेत हो.

माळावरचा वारा
काका, पण १६० वर थांबलीच तर ती एटीआरच्या डोक्यावरून जाणार ना?

निवृत्त टॉवर
जाऊ द्या, १००० फूट आहेत. एक सेपरेशन हातात आल्याशिवाय दुसरं सोडायचं नाही, एवढं सांभाळा. पुढे गेल्यावर परत डीएमई विचारा. ओलांडून गेली आणि १० मैल झाले की उतरवा. फक्त तोवर विमानतळ २३ मैलांवर आलेलं असेल, वर राहिलेल्या एअरबसला होल्ड द्यावा लागेल, म्हणजे घिरट्या घालत थांबवावं लागेल. म्हणून आधी मागूनच खाली घ्या म्हणतोय.

इंद्रायणीकाठ
काका, हे कळलं. पण सर मध्येच एअरबसचा डीएमई बंद पाडतात. मग?

निवृत्त टॉवर
मग मैल सोडा, १६० च्या खाली आणू नका. एटीआरला तुमच्या व्हीओआरच्या १५ अंशांनी वेगळ्या रेडियलवर (व्हीओआरपासून निघणारी दिशारेषा) घ्या. दोघांनीही आपापल्या रेडियलवर स्थिरावल्याचं कळवलं, आणि एक जण तरी व्हीओआरपासून १५ मैल किंवा जास्त लांब आहे, तोवरच एअरबसला १५० ओलांडू द्या. एटीआरचं अंतर तुम्हाला एटीआरच्याच डीएमईवरून कळेलच. आणि स्ट्रिपवर सगळं तिथल्या तिथे लिहा.