लेकीकडे जर्मनीत राहायचं तर काय करावं लागतं? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

सी-११०४ काकू: नमस्कार मंडळी 🙏 विषय जरा वेगळा आहे, सेक्रेटरींनी रागावू नये. लेक-जावई म्युनिकला असतात. दोघं मागे लागलेत, आता इकडेच राहायला या म्हणून. आधी व्हिजिटवर या, आलात की इथेच परमिट काढू म्हणतात. असं होतं का? कुणाला अनुभव आहे का?

बी-५०२: होतं की काकू. माझ्या साडूच्या आई कॅनडात राहतायत ना दोन वर्षं.

ए-३०३ काका: कॅनडाचं जर्मनीला लावू नका. तिथे आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षं राहता येतं. जर्मनीचा व्हिजिट म्हणजे शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. १८० दिवसांत ९० दिवस, बास. तिथे जाऊन तो बदलून मिळेल या भरवशावर जाऊ नका, सहसा मिळत नाही. राहायचंच असेल तर इथूनच नॅशनल व्हिसाचा, म्हणजे लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज करून जायचं.

बी-५०२: मग ९० दिवस संपले की दोन दिवस स्वित्झर्लंडला जाऊन यायचं, परत ९० सुरू 😄

ए-३०३ काका: स्वित्झर्लंडही शेंगेनमध्येच आहे. लंडनला जाऊन आलात तरी उपयोग नाही. ज्या दिवशी तिथे असाल त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजतात आणि त्यात तुमचे किती भरले ते बघतात. आणि काकू, "तीन महिने" धरून तिकीट काढू नका. १ मे ते ३१ जुलै ९२ दिवस होतात. उतरल्याचा दिवस धरतात, निघाल्याचाही. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद सुरू झालीय, त्यामुळे जास्त राहिलात तर ते लगेच दिसणार.

डी-८०१ ताई: काका म्हणतात ते बरोबर. परमिटचं मी सांगते, माझ्या क्लासला येणारे निम्मे लोक हेच विचारतात. पूर्वी आईवडिलांना फार अपवाद म्हणून मिळायचं, म्हणजे इथे बघणारं कुणीच नाही, स्वतःचं स्वतः करता येत नाही वगैरे सिद्ध करावं लागायचं. १ मार्च २०२४ पासून कुशल नोकरदारांसाठी ती अट नाही. पण ज्यांना ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचं परमिट) किंवा तसलं परमिट त्या तारखेला किंवा नंतर पहिल्यांदा मिळालं, त्यांच्याच आईवडिलांना. तुमच्या लेकीला कधी मिळालं?

सी-११०४ काकू: २०२२ ला.

डी-८०१ ताई: अरेरे. मग तिच्यावरून नाही होणार. आणि जावयांना?

सी-११०४ काकू: तो लग्नानंतर गेला, २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास. त्याला तिथल्या कंपनीने घेतलं, त्याचंही ब्लू कार्डच आहे.

डी-८०१ ताई: मग वाट आहे! त्या कायद्यात जोडीदाराचे आईवडीलही धरलेत, जोडीदाराचं वास्तव्य तिथे कायमचं असेल तर. म्हणजे तुम्ही सासू-सासरे म्हणून जावयाच्या कार्डावर अर्ज करू शकता.

सी-११०४ काका: मी जावयाच्या कार्डावर कुठेही राहणार नाही.

सी-११०४ काकू: अहो, घरात बोलू. ग्रुपवर नको.

बी-२०४ आजी: काका, आमच्या वेळी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आता जर्मन सरकारच सासऱ्याला जावयाकडे पाठवतंय म्हटल्यावर काय बोलायचं 😂

डी-८०१ ताई: 😂 पण लगेच बॅगा भरू नका. परमिट "देऊ शकतात" असं आहे, दिलंच पाहिजे असं नाही. आणि खरं घोडं इन्शुरन्सशी अडतं. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात कमावत्या माणसाची बायको किंवा नवरा आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात, आईवडील येत नाहीत. प्रायव्हेट कंपन्या सत्तरीच्या माणसाला, त्यात बीपी-शुगर असेल तर, घ्यायलाच तयार होत नाहीत. घेतलं तरी हप्ता ऐकून पोरं गप्प होतात. माझ्या एका विद्यार्थिनीचं घर, पगार, सगळं चोख होतं, अडलं ते इथेच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, कागदपत्रांची धावपळ नंतर, आधी मुलांना विम्याचं लेखी कोटेशन आणायला सांगा.

बी-५०२: ट्रॅव्हल इन्शुरन्स काढायचा ना, ऑनलाइन पाच मिनिटांत मिळतो.

डी-८०१ ताई: तो ३०,००० युरोचा शेंगेनच्या व्हिजिटला चालतो. कायम राहणाऱ्या माणसाला तसली पॉलिसी पुरत नाही.

ए-१००२: कागदपत्रांना अपॉस्टिल लागेल, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का. लेकीचा जन्मदाखला मुंबईहून करून घ्या, माझ्याकडे एजंटचा नंबर आहे.

डी-८०१ ताई: थांबा, जर्मनीला आपलं अपॉस्टिल चालत नाही. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतलीय. त्यांना शंका आली तर त्यांची वकिलात इथे माणूस पाठवून कागद तपासून घेते, त्याला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात. एजंटला आधीच पैसे देऊ नका. त्यापेक्षा जन्मदाखल्यावर आईचं नाव काय आहे ते बघा.

सी-११०४ काकू: तिथे माझं माहेरचं नाव आहे. पासपोर्टवर लग्नानंतरचं, पहिलं नावही बदललं होतं.

डी-८०१ ताई: मग लग्नाचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र शोधून ठेवा. नाही सापडलं तर आत्ताच हालचाल करा.

सेक्रेटरी: सूचना: उद्या सकाळी १० ते १२ टाकीची सफाई, पाणी बंद राहील. चर्चा चालू द्या.

बी-२०४ आजी: आणि पेन्शनचं? नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोण देणार?

ए-३०३ काका: तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. तिथल्या भारतीय वकिलातीतूनही देता येतो. त्यासाठी कुणी अडत नाही.

सी-११०४ काका: आमचं ठरलं आहे. उन्हाळ्यात ९० दिवस. परमिटबिरमिट नको.

सी-११०४ काकू: "आमचं" म्हणजे यांचं 🙂 ताई, मी जावयाला विम्याचं विचारायला सांगितलंय तरी.

डी-८०१ ताई: बरं केलंत. व्हिजिटही वाया जात नाही. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी नियम आहे, तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो. अर्थात त्यातही १८० मध्ये ९० हेच.

सी-११०४ काकू: ए-३०३ काका, व्हिजिटसाठी आमच्या खर्चाचं हमीपत्र मुलांनी तिथून पाठवायचं ना? नमुना आहे का तुमच्याकडे?

ए-३०३ काका: ते तिथल्या कार्यालयात जाऊन, पगाराच्या स्लिपा दाखवून, त्यांच्याच फॉर्मवर करायचं असतं. साध्या कागदावरचं चालत नाही. आमच्या मुलाने केलेल्याची झेरॉक्स आहे, संध्याकाळी देतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असायला हवा, तेवढं बघा.

सी-११०४ काका: माझा मार्चमध्ये संपतोय.

ए-३०३ काका: मग आधी मुंढव्याच्या पासपोर्ट ऑफिसची अपॉइंटमेंट घ्या.